लाल ठिपक्याचं खोकं

५ फेब्रुवारी

ही वही सेमिसीने फुकट दिली. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला घरटी एक. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, 'सेमिसी आणि मुलगे. स्वस्त, त्याहून स्वस्त.' मुलगा एकही नाही मेल्याला, तीन पोरी आहेत. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मुलगे कुठं आहेत रे, पुढच्या कंटेनरमधून यायचेत का?" तर हसला. ऑकलंडला वीस वर्षं काढून दात नवे बसवून आलाय. हसतो तेव्हा फ्रीज उघडल्यासारखं वाटतं.

मी ठरवलंय, ह्याचीच वही, ह्याच्याच विरुद्ध लिहून भरायची.

त्याच्या दुकानात आत शिरून हाताने वस्तू उचलता येतात. माझ्याकडे जाळीची खिडकी. गिऱ्हाईक बाहेर, मी आत. एकोणीस वर्षं झाली. माझ्या नवऱ्याने, ताविलीने, स्वतः ठोकलेली खिडकी आहे ती. आता तो अंगणात, सिमेंटच्या थडग्याखाली. जागा मोक्याची दिलीय, तिथून गल्ला दिसतो.

८ फेब्रुवारी

मोएलांगीचा फोन. एवढी मोठी झाली, दोन पोरांची आई झाली, पण आईला हुकूम सोडायची हौस जात नाही.

"आई, नाताळला मी येतेय. तोवर दुकान चाललं तर खुशाल रहा. नाही चाललं तर तुला ऑकलंडला घेऊन जाणार. वाद घालायचा नाही."

"आणि तुझ्या मावशीचं काय?"

"मावशीला तिकडे राहायचे कागद मिळणार नाहीत गं. ती राहील लेमालूमामाकडे."

लेमालू आमचा चुलतभाऊ, घराण्याचा मताई, म्हणजे प्रमुख. गावच्या पंचांत आमच्या वतीने तोच बसतो. त्याच्या घरी आक्का दोन दिवस टिकायची नाही. तो मीठ मागायचं झालं तरी उभा राहून भाषण करतो.

आक्काला सांगितलं नाही. ती परातीत हात घालून बसली होती. सिआउपिऊ, माझी थोरली बहीण, लग्न केलं नाही, पिठाशीच संसार केला. पहाटे उठते, नारळाचा रस काढते, बन भाजते. साडेपाचला नोआची बस येते, दोनदा हॉर्न वाजतो, आक्का ताट घेऊन जाते. धक्क्यावर फेरी बोट पकडायला जाणारी सगळी बस बन खात जाते.

तर ठरलं. नाताळपर्यंत दुकान उभं ठेवायचं.

१९ फेब्रुवारी

सेमिसीने कोंबडीच्या तंगड्यांचा भाव किलोमागे एका तालाने उतरवला. मी दीडने उतरवला. माझ्या खिडकीपुढे ही रांग! मी आतून गाणं म्हटलं. दुपारी रांगेत त्याची बायको. वीस किलो घेतल्या.

मी म्हटलं, "का गं, घरचं गोड लागत नाही का?"

"तसं नाही काकू. आम्हाला आणायला पडतं त्याहून तुमच्याकडे स्वस्त आहे."

रांगेतले सगळे हसले. मीसुद्धा हसले, नाहीतर काय करणार. संध्याकाळी आक्का म्हणाली, "फुआ, तो अख्खा कंटेनर मागवतो, तू बोटीवरून दहा पेट्या. त्याच्याशी भावात कुठं खेळतेस?" तिला धंद्यातलं काय कळतं! पण तंगड्यांचा भाव पुन्हा वर नेला. रांग गेली.

३ मार्च

सेमिसी स्वतः आला. थडग्यावर बसला, ताविलीची विचारपूस केल्यासारखी मान हलवली, कोको प्याला. मग म्हणाला, "काकू, एक धंद्याचं बोलू?"

"बोल. मुलगे आले का?"

"ऐका तरी. मी बन करत नाही, करणारही नाही. ते काम माझ्या हातचं नाही. आक्कांसारखे बन ह्या किनाऱ्यावर कुणाला जमत नाहीत. रोज दोनशे द्या. माझ्या गल्ल्यापाशी मांडतो, तुमच्या नावाची पाटी लावून. साखर-तांदळाचं तुम्ही सोडून द्या, त्यात माझ्यापुढे तुमचा निभाव लागणार नाही. तुम्ही तुमचं करा, मी माझं करतो."

आक्का आतून म्हणाली, "दोनशे नाही व्हायचे. शंभर होतील."

मी तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा परातीत बघायला लागली. सेमिसीला म्हटलं, "म्हणजे मी तुझी आचारीण व्हायचं? उद्या म्हणशील, काकू, जरा लादीपण पुसा." त्याचे दात झाकले गेले.

तो गेल्यावर आक्का म्हणाली, "चांगलं होतं गं ते."

"तुला शंभर बन जास्त करायची एवढी खाज असेल तर पहाटे खोकत का बसतेस?" मी म्हटलं.

१७ मार्च

वरच्या वस्तीतले म्हातारे मताई गेले. देव त्यांना शांती देवो, पण माझं दुकान एका दिवसात रिकामं झालं.

मयतीला जो येतो तो चटया घेऊन येतो, आणि घरच्यांनी त्याला मासळीच्या डब्यांची खोकी देऊन परत पाठवायचं. चांगल्या घरची मयत म्हणजे तीनशे खोकी. अंगणात भाषण करणारा उभा राहून मोठ्याने पुकारतो, ह्यांना दहा, त्यांना वीस. आकडा कमी झाला तर सात पिढ्या ऐकून घ्यायचं. त्यांनी सेमिसीकडची आधी उचलली, पुरली नाहीत, मग माझी छत्तीस उचलली. भाव कुणी विचारला नाही.

भाव कुणी विचारला नाही! हे मी आज दोनदा लिहिलं.

२ एप्रिल

सबंध आठवडा विचार केला. सेमिसीला सगळं विकायचंय. मला सगळं विकायची गरज काय? एकच वस्तू, पण ती लागली की माझ्याच दारात यायचं. साबण माणूस घासाघीस करून घेतो. मयतीला घासाघीस करणारा अजून जन्मला नाही.

तांदूळ, साखर, कोंबडी बंद. फळ्या उतरवल्या. होते नव्हते ते सगळे पैसे मासळीच्या खोक्यांत घातले. राजधानीतल्या, आपियाच्या घाऊकवाल्याने विचारलं, "काकू, बेटावर साथ आलीय का?"

म्हटलं, "येईल, तू माल पाठव."

आक्काला विनोद आवडला नाही. हल्ली तिला माझे विनोद आवडत नाहीत.

२१ एप्रिल

आणखी एक युक्ती. मयतीतून मिळालेली खोकी माणसं घरी खात नाहीत. वीस खोकी मासळी खाणार कोण? ती पडून राहतात, पुढच्या मयतीला जातात. मी पाटी लावली, 'मयतीची खोकी विकत घेऊ.' निम्म्या भावाने घेते, पुऱ्या भावाने विकते. तेच खोकं जातं, तेच येतं. कंटेनर नको, बोट नको. सेमिसीने पाटी वाचली आणि डोकं खाजवलं. अहाहा!

चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या, "फुआतिनो, त्यावरच्या तारखा बघतेस ना?"

"खोकं उघडायचं कुणाला असतं बाई? नुसतं पुकारायचं असतं."

त्यांनाही हसू आलं. पाळकांकडे स्वतःची चाळीस पडून आहेत, मला माहीत आहे.

११ मे

आज एका खोक्यावर मोएलांगीच्या जुन्या नखपॉलिशने लाल ठिपका दिला आणि नाव ठेवलं 'ताविली'. कारण ताविली पण असाच गावभर फिरून संध्याकाळी घरी यायचा. बघू किती वेळा येतं.

आक्काला सांगितलं तर हसली, खरंच हसली, मग पोट धरून बसली. म्हटलं, "एवढं काही नव्हतं हं हसण्यासारखं."

३० मे

आक्का आळशी झालीय. बन रोज चाळीस असायचे, आता पंचवीस. मळता मळता खाली बसते. कालपासून माझ्या मागे लागलीय, "फुआ, इकडे ये, पिठाला हात लाव. किती सैल हवं ते सांगून कळत नाही, हाताला कळतं."

मी म्हटलं, "मी गल्ला सांभाळते ना? दोघींनी पीठ मळलं तर खोकी कोण मोजणार?"

"थोडा वेळ. सकाळी अर्धा तास."

"पुढच्या आठवड्यात."

शिवाय बारीक झालीय. लुंगी दोनदा गुंडाळून गाठ मारते. मी चिडवते, ऑकलंडची मॉडेल. पलीकडच्या गावच्या मालीशवालीकडे जाते गुडघ्यांसाठी. गुडघ्यांना एवढं तेल! नुसता कोको पिते, तारोचा कंद पुढे ठेवला की माझ्याच ताटात सरकवते. माझं वजन वाढायला लागलंय तिच्यामुळे.

२४ जून

बन बंद केले. मीच म्हटलं तिला, "जाऊ दे, वीस बनांसाठी कशाला पहाटे उठायचं. आता आपला धंदा वेगळा आहे." वाटलं होतं भांडेल. नुसतं "बरं" म्हणाली आणि परात धुऊन उलटी घातली.

आज पहाटे नोआने दोनदा हॉर्न वाजवला. मी खिडकीतून ओरडले, "पुढं हो बाबा! इथं आता मेल्यावरच मिळतं!" बस हसली. आक्काने भिंतीकडे तोंड केलं.

९ जुलै

'ताविली' चौथ्यांदा घरी. ह्यावेळी पार शेवटच्या गावाहून आला, एक कोपरा चेपलाय. त्यामुळे मला बायको म्हणून जास्तच कळवळा आला.

धंदा जोरात. ह्या महिन्यात तीन मयती. मोएलांगीला फोनवर सांगितलं, "तिकीट विसर." ती म्हणाली, "आई, मावशी कशीय?" म्हटलं, "मजेत, बसून खाते." खरं म्हणजे खात नाही.

अजून एक लिहायचं राहिलं. चर्चला जाताना आक्काने आपली पांढरी हॅट पाळकबाईंना देऊन टाकली. ती हॅट मला हवी होती, हे तिला चांगलं माहीत आहे. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

२ ऑगस्ट

एक सबंध महिना कुणी मेलं नाही. हवा छान आहे, मासळी भरपूर, म्हातारे ठणठणीत. मी सकाळी खिडकीत बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघते. आज आजोबा पासिओ काठी टेकत गेले. मी विचारलं, "कसं काय आजोबा, छातीत दुखतं का अजून?"

"थांबलं बघ!" म्हणाले खुशीत.

आणि माझं मन एवढंसं झालं. ते गेल्यावर मी थडग्याकडे बघितलं नाही.

१४ ऑगस्ट

आक्का थडग्यावर बसली होती ऊन खात. मला बोलावलं.

"फुआ, माझ्या वेळी खोकी नकोत."

"कसली वेळ?"

"ऐक ना. खोकी नकोत, पुकारणं नको. येईल त्याच्या हातात एकेक बन द्यायचा आणि कोको. आजपासून शिकलीस तर जमेल तुला."

मी म्हटलं, "खोकीवालीच्या बहिणीच्या मयतीला बन? गाव मला पाण्यात बुडवेल. आणि तू मला पुरून उरणार आहेस म्हातारे, उगाच कामाला लावू नकोस."

तिने माझा हात घेतला, पालथा केला, तळवा दाबून बघितला, जसं पीठ बघते. मग सोडून दिला.

६ सप्टेंबर

आक्काला बोटीने आपियाच्या इस्पितळात नेलं. बाईडॉक्टर तरुण होती. म्हणाली, पोटात आहे, पसरलंय, वर्ष झालं असेल. "तुम्ही एका घरात राहता ना? तुम्हाला दिसलं नाही?"

मी तोंड उघडलं, काहीतरी गमतीचं बोलायला. सवयच ती. तसंच मिटलं आणि आक्काच्या लुंगीची सुटलेली गाठ बांधून दिली.

१० सप्टेंबर

घरी आणलं. परात सुलटी केली आणि तिच्या चटईशेजारी नेली. म्हटलं, "दाखव आता." तिने बोटं पिठात घातली. हाताला जोर नव्हता. "पाणी जास्त झालं," म्हणाली आणि झोपली. पीठ तसंच आंबून गेलं.

१९ सप्टेंबर

गेली. सकाळी, नोआची बस जाऊन गेल्यावर.

२५ सप्टेंबर

लिहायलाच हवं, म्हणून लिहिते.

लेमालू आला तेव्हा मी सांगितलं, तिला बन हवे होते. तो उभा राहिला. घरात आम्ही दोघंच होतो तरी उभा राहिला. "फुआतिनो, चार गावं चटया घेऊन निघालीत. त्यांना काय सांगू, बन खा? आणि मागच्या खोलीत आढ्यापर्यंत खोकी आहेत हे काय लोकांना माहीत नाही? बहिणीच्या वेळी हात आखडला म्हणतील."

बन करणार कोण होतं? जिला येत होते ती चटईवर होती. पण खरं सांगू? मला येत असते तरी मी केले नसते. लेमालूने 'हात आखडला' म्हटलं तिथंच मी हरले. मीच म्हटलं, "काढा सगळी."

अंगणात पुकारा सुरू झाला. ह्यांना वीस. त्यांना तीस. पाळकांना पंचवीस. एकेका आकड्याला लोक माना डोलावत होते आणि माझी छाती फुगत होती. हो, फुगत होती. आक्का आत पडली होती आणि मी आकडे ऐकत होते. शेवटी दोनशे चाळीस झाली. लाल ठिपक्याचं खोकं माझ्यासमोरून गेलं, कुणाच्या तरी खांद्यावर.

सेमिसी आला होता. चटई दिली, खोकी घेतली नाहीत. कानाशी येऊन म्हणाला, "काकू, दोनशे बन मी खरंच मागितले होते. थट्टा नव्हती ती."

तिला ताविलीशेजारी ठेवलं. सिमेंट अजून ओलं आहे.

१३ ऑक्टोबर

मागची खोली रिकामी. माणसं अजून येतात खोकी विकायला, पाटी आहे ना. घेण्यासारखं गाठीला काही नाही. ती पुढं सेमिसीकडे जातात. त्याने आता तशीच पाटी लावलीय, माझ्याहून मोठी, रंगीत.

५ नोव्हेंबर

मीठ आणायला पहिल्यांदा सेमिसीच्या दुकानात आत गेले. मागच्या भिंतीला खोकी रचलेली, सगळी माझी. चेपलेला कोपरा मी लांबून ओळखला. लाल ठिपका.

"हे दे," म्हटलं.

"काकू, तुम्ही तसंच न्या, पैसे नकोत."

"भाव सांग. पुरा भाव." दिला. दुसऱ्या कुणाला नेऊ दिलं नाही, स्वतः छातीशी धरून आणलं. वाटेत पासिओ आजोबा भेटले. "कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

घरी थडग्यांपाशी बसून सुरीने उघडलं. एवढ्या मयती फिरलं, पहिल्यांदाच उघडलं ते मी. डबे फुगलेले, बुडाला गंज. तारीख तीन वर्षांमागची. एक डबा टोचला तर फस्‌ करून वास आला तो नाकातून जाईना. चार गावांनी एकमेकांना हे मानाने दिलं, मी ठिपका देऊन खेळले. माझ्या बहिणीच्या नावाने हेच पुकारलं गेलं.

घरामागे खड्डा केला, सगळे डबे पुरले. खड्डा खोल केला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

११ नोव्हेंबर

पीठ मळलं. बन दगड झाले.

१२ नोव्हेंबर

पुन्हा. आत कच्चे.

१५ नोव्हेंबर

बरे झालेत असं वाटून सहा सेमिसीकडे नेले. त्याने एक खाल्ला, हळूहळू, सगळा. चांगला माणूस आहे. म्हणाला, "काकू, ह्यात आक्का नाहीत."

"नाहीत," म्हटलं. "तुझे मुलगे आले की त्यांना घाल." तो हसला नाही. मीपण नाही.

७ डिसेंबर

मोएलांगीला मीच फोन केला. "तिकीट काढ."

"आई, दुकान?"

"बंद झालं."

"सेमिसीने बंद पाडलं ना?"

मी म्हटलं, "नाही गं. त्याने तर वाट दाखवली होती." तिला कळलं नाही. फोनवर कळण्यासारखं नाही.

२३ डिसेंबर

मोएलांगी काल आली, आज आम्ही निघालो. लेमालूने दोन्ही थडग्यांवर नजर ठेवायचं कबूल केलंय, भाषणासकट. खिडकीच्या जाळीला आतून पुठ्ठा लावला. परात बरोबर न्यायची म्हटली तर मोएलांगी म्हणाली, "आई, तिकडं सगळं मिळतं." परात आक्काच्या थडग्यावर उलटी घालून ठेवली.

साडेपाचला नोआची बस आली. जूनपासून इथं हॉर्न नव्हता. आज आम्हाला घ्यायचं म्हणून वाजवला, दोनदा.

मी आत वळून हाक मारली, "आक्का, ताट आण गं, नोआ आला."

मोएलांगी दारात बॅग घेऊन उभी होती. मी तिच्या हातातली बॅग घेतली आणि बसकडे गेले. बसमधले सगळे माझ्या हातांकडे बघत होते.